नसलेल्या झाडाला वळसा

तिने लाल पेन्सिल उचलली आणि जिन्याच्या वळणावर बारीकशी फुली मारली.

"इथे वळताना म्हाताऱ्या माणसाचा हात कठड्यावरून सुटतो," ती म्हणाली.

वडील टेबलाच्या पलीकडून वाकले. चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकेल इतकं जवळ. त्यांनी उजवा हात हवेत धरला, जागच्या जागी पायऱ्या चढल्यासारखं केलं आणि मध्येच थांबले.

"सुटतो," ते म्हणाले. "खोड."

त्या दोघांचं एवढ्यावर भागायचं. वास्तुरचनेच्या त्या छोट्याशा कचेरीत 'चांगलं' हा शब्द कुणी वापरत नसे. चांगलं म्हणायला अक्कल लागत नाही, चूक काढायला लागते, असं वडिलांचं मत होतं आणि ते त्यांनी मुलीला बोबडं बोलण्याच्या वयापासून पाजलं होतं. तिने खडूने घर काढून दाखवलं की ते विचारायचे, "पावसाचं पाणी कुठून जाणार?" आता तिची चाळिशी उलटली होती. कचेरीत ती त्यांना सर म्हणायची, घरी बाबा. पण त्यांनी केलेलं एखादं काम चांगलं झालंय, असं तिने दोन्हीपैकी कुठेच कधी म्हटलं नव्हतं. त्यांनाही त्याची गरज नसावी, असं ती धरून चालली होती.

टेबलावर शहराच्या नव्या सार्वजनिक वाचनालयाचा नकाशा होता. समितीपुढे जायचा शेवटचा कागद. पण त्या घरात गेलं वर्षभर जो विषय जेवणाच्या ताटापर्यंत येत होता तो नकाशाचा नव्हता. तो काढणारा माणूस कसा निवडायचा, याचा होता. शहराची रीत सोपी होती. सगळ्यांनी आपापला दर पाकिटात घालून द्यायचा, ज्याचा सर्वांत कमी त्याला काम. रीत इतकी सोपी होती की ती चालवायला माणसंही तशीच लागत, आणि ती मुबलक मिळत. वडिलांनी या रीतीविरुद्ध उभा जन्म बोलण्यात घालवला. "स्वस्त आहे म्हणून दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावाल का?" असं ते भर सभेत विचारायचे, आणि समितीतले चष्मेवाले एकमेकांकडे बघून हसायचे. गावाने त्यांचं नाव दीडशहाणे ठेवलं होतं. ते त्यांनी मानाने मिरवलं.

"दीड तरी आहे," ते म्हणायचे. "तुमच्या अख्ख्या समितीची बेरीज एकावर जात नाही."

आणि तरी यंदा समितीने त्यांचं ऐकलं होतं. आधी माणसाचं काम बघायचं, त्याच्याशी बोलायचं, त्यातून सर्वांत लायक असेल तो निवडायचा, आणि मगच त्या एकाशी पैशांचं बोलायचं. तोवर दराची पाकिटं बंद. तसा ठराव झाला होता. प्रायोगिक तत्त्वावर.

"प्रायोगिक!" वडील आज सकाळपासून तिसऱ्यांदा हसले. "अक्कल वापरून बघणार आहेत. प्रयोग म्हणून."

त्यांनी जिना खोडला, पुन्हा काढला. कठडा वळणावरून अखंड गेला. मग कागदाची गुंडाळी करता करता ते थांबले.

"बाकी?"

"बाकी काय?"

"बाकी कसं वाटतंय?"

असं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. ती कागदाकडे बघत राहिली. रस्त्यावरून दिवसभर ट्रक जात, म्हणून त्यांनी सगळी पुस्तकांची कपाटं रस्त्याकडच्या भिंतीला लावली होती. शहराचा गोंगाट पुस्तकांनी अडवायचा आणि वाचणाऱ्यांनी त्यांच्या आड बसायचं. दुपारच्या उन्हाकडे इमारतीने पाठ फिरवली होती. उजेड उत्तरेकडून, वरून, कागदावर सावली न पाडता उतरत होता. शब्द तिच्या जिभेवर आला होता.

"पश्चिमेचा छज्जा जरा वाढवावा का, बघते," ती म्हणाली.

"बघ," ते म्हणाले, आणि त्यांनी गुंडाळीला दोरा बांधला.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिचा आवाज फोनशिवायही पोचला असता. "तुमचं वाचनालय बांधून झालं असेल तर घरी या म्हणावं. जेवणाचं पार दगड झालंय."

जेवताना वडिलांनी समितीच्या अध्यक्षांची नक्कल केली. अध्यक्षांना नकाशा उलटा धरला तरी कळत नसे; तो उलटा आहे असं सांगितलं की ते म्हणत, "मुद्दामच बघतोय, सगळ्या बाजूंनी." आईला ठसका लागला. "पुरे करा हो," ती म्हणाली, "त्यांच्याच पुढे उभं राहायचंय तुम्हाला." वडिलांनी तिची नक्कल केली. मग ताटं उचलली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुटाचे बंद बांधायला वाकले.

"अहो, बूट घालताय की शिवताय?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला ती हात पुसत बाहेर आली.

*

पुढचे दिवस घरात माणसं येत राहिली. ज्यांनी वडिलांना सभेतून हाताला धरून बाहेर काढलं होतं ते सांगत होते की शहराचा आधार गेला. जे त्यांना बघून रस्ता बदलत ते म्हणत होते, देवमाणूस. हा माणूस जिवंत असताना यांना तो सोसला नाही आणि आता त्याच्याच घरात त्याच्या खुर्चीकडे बघत ही मंडळी मान हलवत होती. ती सगळ्यांना चहा देत होती. कुणी चहा चांगला झाल्याचं म्हणालं तेव्हा ती एकदम आत निघून गेली.

समितीने दुःखद प्रसंगामुळे तारीख पुढे ढकलली. त्या तारखेला ती गुंडाळी काखेत घेऊन निघाली. कचेरीत तिच्याखेरीज दोन माणसं होती, आणि वाचनालयाचं काम मिळालं नाही तर तीनही टेबलं विकावी लागणार होती. पण तिला रात्ररात्र झोप येत नव्हती ती टेबलांसाठी नाही. वडिलांनी काढलेली ही शेवटची इमारत होती. ती बांधली जाणार, की कपाटावर धूळ खात पडणार, एवढंच आता उरलं होतं.

आई दारापर्यंत आली.

"भांडू नकोस हं."

"नाही."

"आणि भांडलीसच तर नीट भांड. ते अर्धवट सोडायचे."

सभागृहाच्या छताला मोठी ओल होती. सभागृहही सर्वांत कमी दरात बांधलेलं. पाणी टेबलावर ठिबकू लागलं तेव्हा शहराने छत दुरुस्त करण्याऐवजी टेबल सरकवलं, आणि तेव्हापासून अध्यक्ष भिंतीला पाठ घासत बसत. त्यांच्या डाव्या हाताला सचिव लिहायला बसलेले, उजव्या हाताला लेखाधिकारी बाई. समितीवर नकाशा वाचता येणारं कुणीही नव्हतं. तसं ते कधीच नव्हतं.

"सुरुवातीला," अध्यक्ष उठून म्हणाले, "आमचे परममित्र दीडश... आमचे परममित्र यांना आपण मिनिटभर स्तब्ध राहून..."

सगळे उभे राहिले. मिनिट काही पुरतं भरलं नाही. अध्यक्षांनी एक डोळा उघडून बघितलं, सचिवांनी मान हलवली, खुर्च्या करकरल्या.

"तर," अध्यक्ष बसत म्हणाले, "समितीने सर्व अर्ज बारकाईने पाहिले. सगळेच अर्जदार सारखेच लायक आहेत, असं एकमताने ठरलंय. त्यामुळे आता फरक राहतो फक्त दराचा. पाकिटं उघडा."

ती उभी राहिली. "ठरावात आधी कामं बघायची असं आहे. माणसांशी बोलायचं."

"ताई, ठराव प्रायोगिक होता. प्रयोग झाला."

"कधी?"

"आत्ताच. सगळे लायक निघाले. म्हणजे यशस्वी झाला."

सचिवांनी ते लिहून घेतलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला गृहस्थ खाली बघून हसला. त्याला वडील छापखाना म्हणायचे. त्याची कचेरी गावोगावच्या कामांना सर्वांत कमी दर भरी, आणि भरू शके, कारण तिथे नकाशे काढले जात नसत, फक्त छापले जात. एकाच शाळेची चार शहरांत पोरं झाली आहेत, असं वडील म्हणायचे, आणि सगळ्यांचं नाक वाकडं.

पाकिटं उघडली. पहिला छापखाना. दुसरी ती. तिसऱ्याने अर्जच मागे घेतला होता.

"चला, जेवायच्या आत उरकलं," अध्यक्ष म्हणाले. "आता दाखवा हो तुमचं डिझाइन. म्हणजे फोटो काढता येईल."

छापखान्याने पडद्यावर नकाशा लावला आणि तो बोलू लागला. पर्यावरण, तरुणाई, संवाद. ती ऐकत नव्हती. पडद्याकडेही ती सवयीनेच बघत होती, कारण नकाशा समोर आला की तिला बघावंच लागायचं.

"हा कॉरिडॉर असा वाकडा का?" लेखाधिकारी बाईंनी मध्येच विचारलं. "सरळ जाता जाता एकदम वळसा घेतो, मग पुन्हा सरळ. मध्ये काय आहे?"

"मॅडम, तो एक फ्लो आहे. ऑर्गॅनिक."

"म्हणजे?"

"म्हणजे चालताना माणसाला बरं वाटतं."

"लांब चालावं लागतं, त्याचं बरं वाटतं?"

"तिथे चिंच आहे," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आपण मोठ्याने बोललो हे तिला तेव्हा कळलं.

"कुठे चिंच?" अध्यक्षांनी विचारलं. "प्लॉट तर भुंडा आहे. मी स्वतः बघितलाय. गाडीतून."

"इथे नाही. जिथून हे आणलंय तिथे."

ती उठून पडद्यापाशी गेली. नकाशा लांबवला होता, मुलींच्या शाळेच्या एका छोट्या वाचनालयाचं हे शहराचं वाचनालय झालं होतं, खोल्यांची नावं बदलली होती. पण वळसा तसाच होता. ते वाचनालय वडिलांचं; ते बांधलं तेव्हा ती सात वर्षांची असेल. वडिलांनी तिला कामावर नेलं होतं. इमारतीच्या रेषेत चिंचेचं जुनं झाड आलं होतं आणि ते तोडायचं असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. वडिलांनी बुंध्याला दोरी बांधली, दुसरं टोक तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, ताणून धर नि चाल. ती झाडाभोवती चालत गेली, आणि मागून ते वाकून, तिच्या पावलांवर फक्कीची पांढरी रेघ टाकत आले. अर्ध्या वाटेत तिला चिंच पडलेली दिसली. ती उचलायला ती आत वाकली, दोरी सैल पडली, आणि रेघही तिथे आत बसली. आता ओरडा बसणार म्हणून ती थिजली होती. वडिलांनी रेघेकडे बघितलं, तिच्या मुठीकडे बघितलं, म्हणाले, "असू दे." आणि तो चेपलेला वळसा त्यांनी तसाच नकाशावर काढला, तसाच बांधला.

छापखान्याने तो तसाच छापला होता. तिने बोट ठेवलं.

"वळसा इथे आत चेपलाय. गोल असता तर गोल राहिला असता. तुम्ही हा का चेपलात?"

छापखाना पडद्याकडे बघत राहिला. त्याने ते आत्ताच पहिल्यांदा बघितलं होतं.

"ऑर्गॅनिक," तो म्हणाला.

"नाही. तिथे मी चिंच उचलली होती."

लेखाधिकारी बाई हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. तिने बाकीचं सांगितलं. ते वाचनालय कुठलं, कुणाचं, केव्हाचं. ते त्या जागेसाठी होतं. तिथे पश्चिमेला चिंचेची सावली होती म्हणून तिकडे मोठ्या खिडक्या. इथे त्याच खिडक्या ट्रकच्या रस्त्यावर आणि भर उन्हात उघडत होत्या. एवढ्या वर्षांत ती या समितीपुढे इतकं सलग कधी बोलली नव्हती. वडील बोलायचे, ती कागद धरायची.

अध्यक्षांनी कपाळ चोळलं. त्यांना चोरीचं दुःख नव्हतं. त्यांना घड्याळ दिसत होतं.

"हे बघा ताई. चोरीबिरी असले शब्द मिनिट्समध्ये येऊ देत नाही मी. पेपरात जातं. शिवाय पुरावा काय? एक चिंच."

"मूळ नकाशे आहेत माझ्याकडे."

"मग कोर्ट, मग स्टे, मग वाचनालय माझ्या नातवाच्या हस्ते उघडायचं." त्यांनी आवाज खाली आणला. त्यात माया होती, ते सगळ्यांना हप्त्याहप्त्याने देत तशी. "सोपं करू. यांचं डिझाइन समितीला चांगलं वाटलं नाही, म्हणून नाकारलं. संपलं. दुसरा नंबर तुमचा. काम तुम्हाला. आमच्यात तज्ज्ञ कुणी नाही, तेव्हा तज्ज्ञ म्हणून तेवढं तुम्ही म्हणायचं, सचिव लिहितील."

"काय म्हणायचं?"

"की हे वाईट आहे."

छापखान्याने तोंड उघडलं. अध्यक्षांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसं ते मिटलं.

"आणि चांगलं असेल तर?" तिने विचारलं.

"चांगलं असेल तर स्वस्तात मिळतंय की! मग सोडू कशाला?"

यावर समितीत सगळ्यांची मान हलली. त्यांना हे इतकं पटलं होतं की तिला क्षणभर त्यांच्याबद्दल काहीच वाटेना, रागसुद्धा नाही. राग यायला समोर माणूस लागतो. ही माणसं टेबल सरकवणारी होती. ओल वर तशीच राहणार, हे तिला दिसत होतं, आणि त्यांना आपण कोरडे बसलोय याचं समाधान होतं.

लेखाधिकारी बाई तिच्या बाजूला झुकल्या. "म्हणून टाक गं," त्या हळूच म्हणाल्या. "एक शब्द आहे. वडिलांचं शेवटचं काम उभं राहील. त्यांनासुद्धा हेच..."

सचिवांनी पेन टेकवून ठेवलं होतं.

गुंडाळी तिच्या खुर्चीला टेकून उभी होती. तिच्यावरचा दोरा वडिलांनीच बांधलेला, तिने अजून सोडला नव्हता. एक शब्द. त्यात एवढं काय होतं? 'वाईट' तर तिच्या घरात रोज म्हटलं जायचं. चूक काढायलाच तर तिला शिकवलं होतं. ती पडद्यासमोर उभी राहिली आणि शिकवल्याप्रमाणे तिने पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. दारं. दारांची उघडण्याची बाजू. पाणी कुठून जातं. लहान मुलीचा हात कुठल्या फळीपर्यंत पोचतो. उजेड डाव्या खांद्यावरून येतो की नाही. छापखान्याने लांबवलेलं तिने मनात पुन्हा आवळून घेतलं, पुसलेली नावं परत लिहिली, झाड जागच्या जागी लावलं. ती शोधत राहिली. मागे कुणीतरी खाकरलं. कुणीतरी पाण्याची बाटली उघडली.

तिला एकही चूक सापडली नाही.

"ताई," अध्यक्ष म्हणाले, "वाईट ना? लिहू ना?"

"चांगलं आहे," ती म्हणाली.

लेखाधिकारी बाईंनी डोळे मिटले.

"अहो, नीट विचार करून बोला. एकदा लिहिलं की तुमचं काम गेलं. मग माझ्याकडे यायचं नाही."

"लिहा." ती सचिवांकडे बघत नव्हती, अध्यक्षांकडेही नाही. पडद्यावरच्या त्या चेपलेल्या वळशावर तिचा तळहात होता, आणि तिचा आवाज सभागृहात बोलतात तसा राहिला नव्हता, घरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलतात तसा झाला होता.

"फार चांगलं झालंय, बाबा."